करडा मफलर

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासासकट तो करडा मफलर वर येतो आणि साठ सालाच्या आसपासची ती बंगळूर-पुणे गाडी आठवते. "बाबा आजारी आहेत, निघू या," एवढंच ह्यांनी सांगितलेलं. खिडकीच्या फटीतून थंडी बोचत होती. बाबांना गारठा सोसत नाही म्हणून मी बर्थवर बसून भराभर विणत होते. लोकरीचा गुंडा ह्यांच्या हातात. मिरज आलं तेव्हा शेवटचे टाके बंद केले.

"बाबांना शोभेल ना?" मी हसत विचारलं.

"शोभेल," हे म्हणाले.

माहेरी पोचले, तर बाबांचे अंत्यविधीही उरकले होते. ह्यांना बंगळुरात मल्लेश्वरममधल्या घरातून निघतानाच ठाऊक होतं.

"वाटभर रडली असतीस," हे अजून म्हणतात.

रडले असते. बाप गेल्यावर वाटभर हसले तरी नसते.