त्याच्या आईचा पदर

वाशिमच्या एका मंगल कार्यालयात एड्सच्या रुग्णांसाठी आणि आमच्यासारख्या समलिंगी माणसांसाठी निधी जमवायचा मोठा समारंभ होता. म्हणे काळा कोट सक्तीचा. वाशिमच्या उन्हाळ्यात कोट! आयोजक बाहेरचे, त्यांना कोण सांगणार? भाड्याच्या कोटात मी घामाघूम होऊन बसलो होतो. तो असता तर हसून हसून लोळला असता.

तो एड्सनंच गेला. औषधं फार उशिरा सुरू झाली. रिठदला त्याच्या घरी मी वर्षानुवर्षं जायचो, त्याचा दोस्त म्हणून. आई चुलीपुढून ओरडायची, "आला का रे? बस, जेवून घे." आमच्याकडे सासू जावयासमोर डोक्यावर पदर घेते. तिच्या मुलीचा नवरा अंगणात दिसला की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. माझ्यासमोर कधी गेला नाही. "तुह्यासाठी माय कवा पदर घेईन रे?" तो माझ्या कानात विचारायचा आणि खिदळायचा. मला मात्र तो पदर खरंच हवा होता.

गेलेल्यांच्या घरच्यांना समारंभाला बोलावलं होतं, म्हणून आईही आली होती. मंचावरून त्याचं नाव घेतलं, आणि पाठोपाठ माझं, त्याचा जोडीदार म्हणून. माझी मान खालीच गेली.

वर पाहिलं तर आई समोर उभी. तिचा हात वर गेला आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.

मी लगेच बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे वळलो, त्याला दाखवायला.