आपांचं उरलेलं एकच वाक्य

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. फोन त्यांच्या यजमानांचा, इब्राहिमभाईंचा. "बाई, शकीला गेली," एवढंच म्हणाले. मी "कधी?" विचारलं. त्याला आता महिना होऊन गेला.

रेवदंड्याच्या शाळेत आम्ही दोघी एकवीस वर्षं शेजारीशेजारी बसलो. मी गणित शिकवायचे, त्या इंग्रजी. मूळच्या म्हसळ्याच्या. मुलांसकट सगळी शाळा त्यांना आपाच म्हणायची. धक्का बसला, आश्चर्य वाटलं, हे इंग्रजीत कसं बोलायचं, हा त्यांचा नववीचा आवडता तास. मी शेजारच्या वर्गातून ऐकायचे. "शॉक 'बिग' नाही रे, 'टेरिबल' असतो. नाहीतर 'रूड' असतो. 'शॉक्ड'च्या आधी 'डीपली' आणि सायलेन्स 'स्टन्ड'. या जोड्या ठरलेल्या आहेत, मोडायच्या नाहीत!" मग दारात शिपाई जरी आला तरी हात पसरून म्हणायच्या, "व्हॉट अ प्लेझंट सरप्राइज!" वर्ग खदखदून हसायचा.

निवृत्त झाल्या आणि सहा महिन्यांत अर्धांगाचा झटका आला. अलिबागच्या दवाखान्यात मी आत शिरले, तर आपा अगदी स्पष्ट म्हणाल्या, "व्हॉट अ प्लेझंट सरप्राइज!" मी धावत जाऊन मिठी मारली. वाटलं, वाचल्या. तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. आपा तिलाही तेच म्हणाल्या. पाणी हवं होतं तेव्हाही तेच. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतंय सगळं, पण शब्द येत नाहीत. कधीकधी सवयीचं एखादं वाक्य तेवढं उरतं." आपांनी ते ऐकलं आणि डाव्या हाताने तोंड झाकून घेतलं.

घरी आल्यावर त्या एका वाक्यावरच सगळं चालायचं. भात हवा असो की पाठ दुखत असो... भाई आवाजावरून ओळखायचे. मी गेले की आम्ही दोघी हसायचोही कधीकधी.

मग तळा गावात दिलेली त्यांची धाकटी बहीण वारली. "शकीलाला सांगताना तुम्ही असलात तर बरं," असं भाई म्हणाले म्हणून मी गेले. बहिणीच्या दोन्ही सुना आल्या होत्या. भाई पलंगाशी बसले, हळूच म्हणाले, "शकीला, रुकैया गेली गं." आणि मृत्यूची बातमी आली की म्हणतात ते इन्ना लिल्लाहि त्यांनी म्हटलं. आपांचे ओठ त्यांच्यामागून हलू लागले. लहानपणापासून पाठ असलेलं ते, पण येईना. काय बाहेर पडणार ते मला कळलं, भाईंना कळलं, आपांनाही कळलं. त्यांनी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. तरी ते आलंच. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडात ते शब्द. एक सून उठून बाहेर गेली. मी आपांचा हात धरून बसले. दुसरं काय करणार होते?

त्या दिवसापासून आपांनी बोलणंच सोडलं. मी खूप विनवलं, "आपा, तेच बोला, मला चालतं." त्या मान हलवायच्या. नाही. पुढे माझंही जाणं कमी झालं. खोटं कशाला बोलू... मला ते बघवत नव्हतं.

परवा भाईंना भेटायला गेले. मी म्हणाले, "शेवटचं वर्षभर त्यांचा आवाज ऐकला नाही."

"मी ऐकला," ते म्हणाले. "सकाळी चहा घेऊन गेलो की आधी दार लावायची खूण करायची. दार लावलं की मग तेच म्हणायची. हळू आवाजात, मला एकट्याला. रोज."

मी त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"अजूनही त्या खोलीत गेलो की हात आपसूक दाराकडे जातो, बाई. लावून घेतो. मग नुसता उभा राहतो."