रिकाम्या वर्गातला सतराचा पाढा

दाक्षायणीबाई पाढे घ्यायच्या ते वर्गाकडं पाठ करून. तोंड फळ्याकडं, हातात खडू, आणि मागं अख्खी पाचवी एका सुरात. त्यात कोण नुसतेच ओठ हलवतंय, हे बाईंना न वळता कळायचं. शुक्रवार पेठेत घर, सगळी नोकरी जवळच्या याच शाळेत. बाईंच्या पाठीला कान हायत, असं पोरं म्हणायची.

कोरोनात शाळा मोबाईलमध्ये गेली. घरात बसून बाईंना शिकवणं सुचेना. हेडमास्तरांकडून किल्ली घेऊन त्या रिकाम्या वर्गात यायच्या, पहिल्या बाकावर मोबाईल उभा करायच्या आणि फळ्यावर शिकवायच्या. गणितं जमली, पाढे जमेनात. एकाचं दुणे येईस्तोवर दुसऱ्याचं चोक व्हायचं. शेवटी सगळ्यांना म्यूट करून एकेकाला म्हणायला लावायचं.

होटगीची महेश्वरी तिथंच अडकली. वर्गात सगळ्यांच्या आवाजाला धरून ती खणखणीत म्हणायची. एकटीला म्हण म्हटलं की जीभच उचलेना.

एक दिवस तिचा बाप बसलिंगप्पाच मोबाईलवर आला.

"बाई, ह्यात पोरगी काय शिकंना झालीय. मैंदर्गीला मामाकडं धाडतो. शेतात हात तरी लागंल."

"शनिवारी सतराचा पाढा म्हणून दाखवला तर?"

"मग ऱ्हाऊ दे की शाळेत. पन तुमी मदीच सांगायचं न्हाय."

शनिवारी बाईंनी बाकी सगळ्यांना म्यूट केलं. महेश्वरी "सतरा एके सतरा" म्हणाली आणि गप्प झाली. बाईंना तिचा चेहरा बघवेना. सवयीनं त्या फळ्याकडं वळल्या.

मागनं सूर आला. "सतरा दुणे चौतीस."

अख्ख्या वर्गाचा सूर. पोरं डुलताना करकरतात तशी बाकंही करकरली. आवाज मोबाईलमधला नव्हता. या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत भरला होता. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. पण त्या वळल्या नाहीत. वळलं तर थांबेल, आणि थांबलं तर पोरगी मैंदर्गीला. तिकडं महेश्वरीनं सूर धरला आणि पाढा शेवटाला नेला.

"भले!" बसलिंगप्पा हसला. "पन लई लबाड की बाई तुमी! शाळा बंद म्हनता अन् वर्ग भरीवलाय. दावा बघू पोरं."

बाई आता वळल्या. धूळ बसलेली बाकं, दुसरं काही नाही. त्यांनी मोबाईल बाकांकडं फिरवला.

तिकडनं बसलिंगप्पाचा आवाज आला, अगदी बारीक.

"खिडकीकडंला... ती आमची महेश्वरीच की. मग हितं माज्याजवळ कोन बसलंय?"

आणि फोन बंद झाला.

मैंदर्गीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. शाळा उघडली त्या दिवशी तोच पोरीला मोटारसायकलवर घेऊन आला. महेश्वरी खिडकीजवळ जाऊन बसली तरी हा दारातनं हलेना. एकेका पोराचं तोंड न्याहाळत उभा. शेवटी बाईंजवळ येऊन कुजबुजला,

"आता एकच हाय न्हवं, बाई? नीट बघा की जरा."