खंदकातलं पाणी

आमच्या टाकव्यात हा किस्सा मी कितीदा सांगितला असेल, देव जाणे. पारावर सांगितला, लग्नाच्या मांडवात सांगितला. खंडाळ्यात ज्या हॉटेलच्या गेटवर मी आता उभा असतो तिथल्या ड्रायव्हर लोकांना तर पाठ झालाय. सगळे पोट धरून हसतात. पण मी तो निम्माच सांगतो. उरलेला निम्मा ज्यांना सांगायला हवा होता ते गेल्या महिन्यात एसटीनं कार्ल्याच्या फाट्यावर उतरले. पलटणीतल्या माझ्या जोडीदाराचे वडील, आबा. पार माणदेशातून दोन गाड्या बदलून आलेले.

फाट्यावरच्या टपरीत चहा घेत बसलो. म्हणाले, शेवटच्या फोनवर पोरगा सारखा हसत होता, मावळातल्या जोडीदारानं खंदकात पाणी भरलं असं काहीतरी सांगत होता, तेवढ्यात फोन कटला. दुसऱ्या दिवशी तो गेलाच.

"ती गोष्ट पुरी सांगा," म्हणाले. "तेवढ्यासाठीच आलोय."

पुरी सांगायची म्हणजे तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला हे तोंडानं सांगायचं. एवढी छाती माझी नव्हती. ठरवलं, हसू येतं तिथपर्यंत सांगायचं आणि गप्प बसायचं.

तसा मी सैन्यात बिनकामाचाच. परेडमध्ये सगळे डावीकडे वळले की मी हमखास उजवीकडे. सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा आम्ही एका रिकाम्या गावाच्या कडेला होतो. माणसं हलवली होती, काही जनावरं मागं राहिली होती. एक म्हैस सकाळपासून ओरडत होती, कास नुसती तटतटलेली. युद्ध असलं म्हणून म्हशीला काय कळतंय? मला राहवेना. भांडं नव्हतं, म्हणून हेल्मेटमध्येच धार काढायला बसलो. अर्धं भरलं असेल-नसेल, मागं सुभेदारसाहेब उभे. साहेबांसमोर सावधान व्हायचं तर हेल्मेट डोक्यावर हवं. मी घातलं. दूध वर्दीतून थेट बुटापर्यंत.

शिक्षा मिळाली, जोडीदाराचा आणि माझा नवा खंदक मी एकट्यानं खणायचा. खणण्यात मी काही कमी नाही. जागा उताराची होती. खालच्या टोकाला पाणी जायला वाट ठेव, असं हवालदारांनी दोनदा बजावलं. ठेवली की! पण आम्ही भातखाचरातली माणसं. बांधाला भोक दिसलं की आमचा हात आपोआप ढेकूळ शोधतो. ते भोक उघडं राहिलं तर सकाळी खाचर कोरडं आणि घरात शिव्या. मी ती वाट कधी बुजवली, टाचेनं कधी दाबली, मला पत्ताच नाही. वर सगळा तळही तुडवून चोपून काढला, थेंब झिरपायला नको म्हणून.

दुपारी पाऊस कोसळला. तासाभरात कमरेएवढं पाणी आणि त्यात आम्ही दोघं, रायफली डोक्यावर धरून. सुभेदारसाहेब वरून बघत म्हणाले, इधर धान लगाना है क्या? जोडीदार इतका हसला की पाण्यात बसलाच. संध्याकाळी दोन मिनिटं फोन मिळाला, तेव्हाही त्याचं हसू थांबलं नव्हतं.

इथं माझा किस्सा संपतो. आबा खदखदून हसले. टोपी काढून तिनंच डोळे पुसले, परत घातली.

"मग?" म्हणाले.

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मला स्वतःचाच संताप आला. गेटवरच्या लोकांना हसवतो तसं या माणसालाही हसवून एसटीत बसवून द्यायचं होतं मला.

"आबा, आमच्या खंदकात थांबायला जागाच ऱ्हायली न्हाई," मी म्हणालो. "मला पाणी उपसायला ठेवलं आन त्याला वीटभट्टीपल्याडच्या खंदकात धाडलं. सकाळी गोळा तितं पडला. आमच्याकडं एकबी न्हाई पडला. मी ती वाट बुजवली नसती तर तो माझ्यापाशी असता."

वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसायलाच हवी होती. आबांनी चहा बशीत ओतला, पण उचलला नाही. चहावर साय धरली.

"तितं गेला तवा त्याचं पाय तरी कोरडं हुतं का?" त्यांनी विचारलं. "बारका हुता तवापास्नं, पाय वलं ऱ्हायलं की त्येला ताप यायचा."

तो मोजे पिळून तेच पुन्हा घालून गेला होता. चालताना बुटांतून पचपच आवाज येत होता आणि मी त्यावरही हसलो होतो. पण खरं बोलायचं सगळं बळ माझं संपलं होतं.

"व्हय आबा," म्हणालो. "माझं कोरडं मोजं दिलतं त्याला."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"लय बरं केलंस, पोरा," म्हणाले.