प्रतापकाका ट्रेलर पारखतात

"अगं, गाडी आहे ही! गाडीत कुणी चपला काढून चढतं का?"

"जूनपासून वर्षभर मला यात पोळ्या लाटायच्यात. म्हणजे घरच की हे. तुम्ही बूट काढा."

"नीला, एकनाथ चहा आणायला गेलाय. तो येईपर्यंत तमाशा नको."

"मी कुठे तमाशा करतेय? मी नुसती अनवाणी उभी आहे."

नीलाकाकू खरोखरच अनवाणी उभ्या होत्या. एकनाथने विकायला काढलेल्या, त्याच्या ड्राइव्ह-वेमधल्या जुन्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, सिंकसमोर. दार दिसलं की चपला बाहेर, ही त्यांची सवय इतकी वर्षं ओहायोत राहूनही सुटली नव्हती. आत पाऊल टाकलं आणि डाव्या पायाखाली जमीन हळूच दबली. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. त्यांनी पाय उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा दबली.

"इथे पाणी मुरलंय," त्या म्हणाल्या.

"पाणी!" प्रतापकाका हसले. "मी जन्मभर पंप डिझाइन केले. पाणी कुठे मुरतं ते तू मला शिकवणार?"

पंप खरे होते. पण रिटायर झाल्यावर पंपांना कोण विचारतं? मग काकांनी नवं पद मिळवलं. ओहायोतल्याच डब्लिन गावाच्या मराठी मंडळात कुणी जुनं काही घ्यायला निघालं, की पहिला प्रश्न: "प्रतापकाकांना दाखवलंत का?" काका यायचे, खिशात टॉर्च घालून. टायरला लाथ मारायचे. मडकं वाजवून घ्यावं तसं बोटाच्या पेराने ठोकायचे, मान तिरकी करून ऐकायचे, "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी लोक श्वास रोखून धरत. मग निकाल: "डोळे मिटून घे." लोक घेत. डोळे मिटूनच. रवीची गाडी पहिल्याच हिवाळ्यात हायवेवर बसली. सरलाचं डिशवॉशर खालच्या बेसमेंटला आंघोळ घालून गेलं. काकांचं म्हणणं एकच: "वस्तू उत्तम होती. लोकांना वापरता येत नाही."

आता पहिल्यांदाच ते स्वतःसाठी पारखत होते. पाडव्याच्या कार्यक्रमात त्यांनी स्टेजवरून जाहीर केलं होतं, की घर भाड्याने देऊन आम्ही दोघं वर्षभर अमेरिका हिंडणार. टाळ्या पडल्या. कुणाच्या घराबद्दल हे चाललंय, ते नीलाकाकूंना टाळ्या पडल्यावर कळलं. भाडेकरूही ठरले. म्हणजे जूनपासून पायाखाली जमीन असलीच, तर ती हीच.

"आणि हा वास?" काकूंनी नाक वर केलं.

"चंदन! किती प्रसन्न वाटतं. माणूस धार्मिक आहे."

"बंद ट्रेलरमध्ये उदबत्ती कशाला लावली असेल हो त्या धार्मिक माणसाने? आणि भिंतीला नवा कागद फक्त याच कोपऱ्यात का?"

"संशयी स्वभाव तुझा!"

"छतावर चढून बघितलंत?"

"माझा गुडघा... त्याने फोनवर फोटो दाखवले ना. क्लीन आहे सगळं."

"फोटोत मीही तिशीची दिसते."

तेवढ्यात एकनाथ ट्रे घेऊन आला. चहा, चकल्या, शिवाय चिवडा. मंडळातला चाळिशीचा, गोड बोलणारा गडी. "घ्या काका. आमच्या हिने खास तुमच्यासाठी केल्यात. तुमच्यासारखा एक्सपर्ट आमच्या दारात, यार, नशीब लागतं!"

काकांनी चकली उचलली. संपलं, काकूंच्या मनात आलं. ज्याच्या घरची चकली दाताखाली गेली, त्याच्या वस्तूला नावं ठेवणं या माणसाला जमत नाही. आजवरचे सगळे "हं" असेच फराळाच्या वासाने निघालेले.

"एकनाथ," काकूंनी थेट विचारलं, "कधी वरून गळलं होतं का रे?"

एकनाथने काकूंकडे पाहिलंच नाही. "काकू, काकांनी चेक केलंय ना सगळं? आता मी काय बोलणार?"

काकांची छाती फुगली, मग जरा बसली. चकली चावणं थांबलं.

"मी काल ग्रुपवर टाकलंय, आपण घेतोय म्हणून," ते हळूच म्हणाले. "बावन्न लाइक्स आलेत, नीला."

"लाइक्सवर उभं राहता येत नाही." काकू एक पाऊल बाजूला सरकल्या. "भांडत नाही मी. बूट काढा, मोजे काढा आणि इथे, माझ्या जागी उभे राहा. घट्ट लागलं तर मी आजच हो म्हणते. वर्षभर तोंडातून ब्र काढणार नाही."

"काकू, पोरं उड्या मारायची तिथे, म्हणून थोडं..." एकनाथ ट्रेकडे बघत पुटपुटला.

काकांनी त्या जागेकडे पाहिलं. मग आपल्या बुटांकडे. उजव्या बुटाची नाडी सैल झाली होती. गुडघ्यावर हात टेकत ते सावकाश वाकले. काकूंचा जीव भांड्यात पडायला आला.

काकांनी नाडी ओढली, दुहेरी गाठ मारली. सरळ झाले. अर्धी चकली ट्रेमध्ये ठेवली आणि ती जागा बरोब्बर टाळून, भिंतीच्या कडेकडेने पायऱ्या उतरून निघून गेले.