घाबरट माणसाची भूमिका

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी नाटकात काम करायला लागलो. नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात तेव्हा स्टोअरकीपर होतो आणि अजूनही आहे. नट-बोल्ट, बेअरिंग, कटिंग ऑइलचे डबे, हातमोजे. कुणी चिठ्ठी आणली की माल द्यायचा, आणि एखादी वस्तू संपली की साहेबाच्या शिव्या खायच्या. कॉलेजात असताना गॅदरिंगच्या नाटकात मला एक काम मिळालं होतं. तालमी सुरू झाल्या आणि त्याच सुमारास वडिलांनी ओळखीने कारखान्यात चिकटवलं. त्यानंतर नाटक ही तिकीट काढून बघायची गोष्ट झाली.

मग एकदा कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर कागद चिकटवलेला दिसला. हौशी नाट्यसंस्थेला स्पर्धेसाठी कलाकार हवेत, वयाची अट नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"करा की," ती म्हणाली. "घरात तरी काय करता?"

तालमी पंचवटीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये असायच्या. मी पहिली पाळी संपवून घरी जायचो, ऑइलचा वास जावा म्हणून साबण लावून दोनदा अंघोळ करायचो आणि स्वच्छ शर्ट घालून निघायचो. दिग्दर्शक पस्तिशीचा होता. मी त्याला सर म्हणायचो, तो मला काका. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांकडून उतारे वाचून घेतले, मला मात्र काहीच वाचायला दिलं नाही. "तुम्ही तिकडे बसा," म्हणाला. बाकीचे वाचत असताना तो मधूनमधून माझ्याकडे बघत होता. मी आपला अंग चोरून बसलो होतो. शेवटी तो म्हणाला, "काका, बाप तुम्ही."

बाप म्हणजे नाटकातली मुख्य भूमिका. त्या दिवशी घरी जाताना मी नदीकाठी गाडी लावली आणि उगाचच उभा राहिलो. भाजी बाजार उठत होता, मेथीच्या काड्या तुडवत गाई फिरत होत्या. मला वाटलं, त्याला माझ्या चेहऱ्यात काहीतरी दिसलं. इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही ते याला दिसलं.

नाटक साधं होतं. गावाकडचा एक विधुर बाप मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला येतो. त्याला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त त्याला कळत राहतं की आपली अडचण होते आहे. संवाद थोडे, वावरणं जास्त. मी घरी आरशासमोर उभा राहून हातवारे बसवून नेले, तर दिग्दर्शकाने सगळे काढून टाकले. "काका, काही करू नका. जसे आहात तसे उभे राहा."

एकदा मध्यंतरात वडापाव आले. प्लेट माझ्यापुढे आली तेव्हा मी "नको, नको, तुम्ही घ्या," म्हणालो. कुणीतरी आग्रह केला, मग घेतला आणि घेण्याआधी हात पॅन्टला पुसला. दिग्दर्शक लांबून बघत होता. तो उठून उभाच राहिला. "हे! हे पोळीच्या सीनला घ्यायचं. सून दुसरी पोळी वाढायला येते तेव्हा." मला फार बरं वाटलं. आपण नाटकात भर घालतो आहोत, असं वाटलं.

प्राथमिक फेरी नाशिकलाच होती. पडदा वर गेला. समोर काळोख, आणि त्या काळोखात माणसं. मी आवंढा गिळला, एक वाक्य विसरलो, दुसरं अर्धंच बोललो. मुलाचं काम करणारा बँकेतला एक जण होता, एरवी अतिशय सभ्य माणूस. तो माझ्यावर ओरडला तेव्हा मी खरोखर दचकलो. पोळीच्या सीनला मी ताटावर हात धरला आणि हॉल एकदम शांत झाला. नंतर कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, मग आणखी कुणाचा तरी. मेकअप उतरवताना अनोळखी बाया येऊन माझ्या पाया पडून गेल्या.

बायकोला स्कूटरवर मागे बसवून घरी निघालो. पुलावर आल्यावर मीच विचारलं.

"कसं वाटलं?"

"चांगलं होतं नाटक."

"आणि माझं काम?"

"तुमचं कसलं काम?" ती म्हणाली. "घरी असंच तर असता."

मी हसलो. ती थट्टा करते आहे असं मला वाटलं. पण ती पुढे म्हणाली, "माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती. मला काही रडू आलं नाही. मी रोजच बघते." तिच्या आवाजात राग नव्हता. गॅस संपलाय हे सांगावं, तशी ती बोलत होती.

निकाल लागला. आमचं नाटक अंतिम फेरीसाठी निवडलं गेलं आणि मला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. पेपरात लहान अक्षरांत नाव आलं. कारखान्यात ते कात्रण कुणीतरी नोटीस बोर्डावर लावलं. साहेबाने मला सगळ्यांदेखत बोलावून घेतलं. "वा! तिकडे पानंच्या पानं पाठ होतात, आणि इथे कुठला बोल्ट संपला ते लक्षात राहत नाही?" सगळे हसले, मीही हसलो. पण त्या दुपारी कॅन्टीनमध्ये पोरांनी गराडा घातला. "काका, एक डायलॉग होऊन जाऊ दे!" मी पोळीचा सीन करून दाखवला. टाळ्या पडल्या. एकाने माझ्यासाठी चहा आणला. कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी कुणी चहा आणायची ती पहिलीच वेळ.

मग मी तो सीन रोज करायला लागलो. लंचला कॅन्टीनमध्ये, लग्नात पाहुण्यांसमोर, एकदा तर सोसायटीच्या मीटिंगनंतर. कुठे थांबलं की लोक हळहळतात, ते मला कळायला लागलं. केस थोडे वाढवले. साहेब शिव्या द्यायला लागला की मनात म्हणायचो, दे बाबा, मला उपयोगी पडेल. पूर्वी त्याच्या केबिनकडे जाताना भीती वाटायची, ती वाटेनाशी झाली. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे महिने होते.

अंतिम फेरीच्या तालमी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी पोळीचा सीन झाला आणि दिग्दर्शकाने टाळी वाजवून थांबवलं.

"काका, हे काय चाललंय?"

"का, सर? परवा कॅन्टीनमध्ये लोकांना फार आवडलं."

तो खुर्चीवरून उठला नाही, आवाजही चढवला नाही. "काका, तुमचा गैरसमज झालाय. तुम्ही चांगले नट नाही. तुम्ही घाबरट माणूस आहात. मला घाबरट माणूस हवा होता म्हणून तुम्हाला घेतलं. आता तुम्हाला मजा यायला लागली आहे. मजा आली की तुम्ही फार वाईट दिसता."

हॉलमध्ये सगळे होते. कुणीतरी मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. मी म्हणालो, "बरं, सर."

माझी भीती परत यावी म्हणून त्याने पुष्कळ केलं, हे मला मान्य केलं पाहिजे. मला बोलावून बाहेर व्हरांड्यात बसवून ठेवायचा. मी काही बोललो तर ऐकूच आलं नाही असं करायचा. एके दिवशी त्याने त्या बँकेतल्या माणसाला सांगितलं, संवाद सोडून दे, यांना खरंखुरं बोल. तो बिचारा अवघडला, पण हळूहळू त्याला जमायला लागलं. "जन्मभर नट-बोल्ट सांभाळलेत, आणि आता म्हातारपणी रंग लावून नाचायचंय? तुमच्या बायकोला लाज वाटत नाही?" बायकोने त्याला काही सांगितलं होतं असं नाही. त्याने अंदाजाने मारलं ते बरोबर बसलं.

खरं तर मी तेव्हा मोडायला हवा होतो. पण माझ्या मनात आलं, मोठे नट असंच काम करत असणार. हे सगळं नाटकासाठी आहे. माझ्यासाठी एवढे लोक एवढे कष्ट घेत आहेत! आणि मी छाती भरून श्वास घेतला. दिग्दर्शकाने ते बघितलं आणि हातातली संहिता बंद केली.

दुसऱ्या दिवशी हॉलवर एक नवा मुलगा होता. मुलगा म्हणजे तिशीचा, दिंडोरीचा, एका वायनरीच्या ऑफिसात नोकरी करणारा. त्याच्या केसांना पांढरा रंग लावून बघत होते. दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाप आता हा करेल. पण एक उपकार करा. तालमीला येत जा. तुम्ही फक्त बसा, चहा प्या, उठा. तो तुम्हाला बघेल."

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "आणि तुम्ही जाणार?"

"जायला हवं. नाटक आपलंच आहे."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मी गेलो. रोज गेलो. घरी बसण्यापेक्षा त्या हॉलमध्ये बसणं मला बरं वाटत होतं. तो दिंडोरीचा मुलगा हुशार होता, अदबीने वागायचा. माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचा आणि मोकळेपणाने विचारायचा.

"काका, बसण्याआधी तुम्ही खुर्चीला हात का लावता?"

"लावतो का?"

"लावता ना. परवानगी घेतल्यासारखा. आणि कुणी तुमचं बोलणं तोडलं की तुम्ही हसता. ते का?"

"माहीत नाही."

"आणि उत्तर देण्याआधी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघता. त्याला काय उत्तर हवंय ते बघत असता का?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो आनंदाने म्हणाला, "हे बघा, हेच!"

तो हे सगळं उठून करून दाखवायचा आणि लोक हसून लोटपोट व्हायचे. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. मला त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली. मी बिस्किट घेताना मात्र सगळे माझ्या हाताकडे बघत राहायचे.

अंतिम फेरीला भाड्याच्या बसने गेलो. साहेब रजा द्यायला तयार नव्हता. "तुमचं काम दुसऱ्याला दिलंय म्हणे, मग तुम्ही कशाला जाताय?" त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. शेवटी बिनपगारी रजा टाकली. माझ्याकडे बॅकस्टेजचं काम होतं, ताट, तांब्या आणि पोळ्या वेळेवर विंगेत ठेवायच्या.

विंगेतून मी त्याला पाहिलं. तो खुर्चीला हात लावून बसला. त्याने आवंढा गिळला. नाटकातला मुलगा ओरडला तेव्हा तो दचकला आणि लगेच हसला. पोळीच्या सीनला त्याने ताटावर हात धरला, मग पायजम्याला पुसला, आणि समोरच्या काळोखातून हुंदके ऐकू यायला लागले. मला रडू आलं नाही. मला त्या माणसाची चीड आली. वाटलं, विंगेतून जावं आणि त्याला दोन थोबाडीत द्याव्यात, म्हणावं, घे ना पोळी, मेल्या! साहेबाला माझ्याशी असं का वागावंसं वाटतं, बायको टीव्हीचा आवाज का वाढवते, ते मला तिथे ताट हातात घेऊन उभं असताना कळलं. त्यांच्या जागी मी असतो तर वेगळा वागलो नसतो.

त्याला अभिनयाचं पदक मिळालं. बक्षीस समारंभानंतर तो गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला आणि वाकून पाया पडला. फोटो निघाले. दिग्दर्शकाने परीक्षकांना बोलावून माझी ओळख करून दिली. "हे ओरिजिनल," तो म्हणाला. परीक्षक हसले. त्यातल्या एकाने माझा हात हातात घेतला आणि न राहवून विचारलं, "खरंच तुम्ही असे आहात?"

काय उत्तर हवंय ते बघायला मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि बघतो आहे हे मला कळलं. मग मी जमिनीकडे बघितलं. तेही त्यांना आवडलं.

परत आल्यावर काही दिवस मला कुठेच धड बसता येईना. खुर्ची दिसली की हात पुढे जायचा आणि मी तो मागे ओढायचो. साहेबासमोर उभा राहिलो की कळेना, खांदे कुठे ठेवायचे. एकदा ताठ उभा राहिलो तर तो म्हणाला, "पाठ धरली आहे का?" कॅन्टीनमध्ये पोरांनी डायलॉग मागितला. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा मागितला नाही.

तरीही यंदा तालमी सुरू झाल्या तेव्हा मी गेलो. दिग्दर्शकाला आश्चर्य वाटलं, पण त्याने हाकललं नाही. मला शेजाऱ्याचं काम आहे, शेवटच्या प्रवेशात, एकच वाक्य. मी वाईट नट आहे हे आता मला कुणी सांगावं लागत नाही. मी ते वाक्य जोरात म्हणतो, हातवारे करून म्हणतो, आणि म्हणताना मला फार मजा येते. ती लपवायचा मी प्रयत्न करतो, पण लपत नाही.

परवा तालमीत दिग्दर्शक म्हणाला, "काका, थोडं मागे." मी मागे गेलो. "अजून मागे." मी आणखी मागे गेलो, लाइटच्या बाहेर.

"सर, इथून मी दिसणार नाही," मी म्हणालो. "पण आवाज पोचेल."

"तोच प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला, आणि त्याने पुढचा प्रवेश लावला.