दहावी गाठ

किस्से दोडक्यासारखे असतात. कोवळे असताना तोडले तर भाजी, वेलावर राहिले तर आत नुसती जाळी. माझ्याकडे जाळीचाच ढीग जास्त. ज्यांच्यावर हसलो, त्यांच्यातलं आता कुणी उरलं नाही.

आमच्या सातपुड्यात दिवाळी सगळीकडे एका दिवशी नसते. पीक घरात आलं की पुजारा दिवस धरतो, ज्या त्या गावाचा वेगळा. त्यामुळे किस्स्यांना तोटा नाही.

*

मी दोन बुकं शिकलो. तिसरीच्या परीक्षेलाच आमच्या गावची दिवाळी निघाली. मास्तर खालचे, सपाटीवरचे. म्हणाले, दिवाळी होऊन दोन महिने झाले.

"ती तुमची झाली, मास्तर. आमची यायचीय."

डाव्या हाताने लिहितो म्हणून आधीच माझ्यावर डोळा होता. शिक्षण तिथंच आटोपलं. 'डावरा' हे नाव तेवढं पदरात पडलं.

*

खाली खापर गावच्या बाजारात मारवाडी शेटजींनाही तेच कोडं. तुमची दिवाळी नेमकी कधी, कापड कधी भरून ठेवू? मी म्हटलं, पुजाऱ्यालाच अजून ठाऊक नाही.

"मग हे पंचांग मी कशाला टांगलंय?"

"भिंतीला भोक असेल, शेटजी."

*

पावसाळ्यात नवी हिरवी भाजी देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालायची नाही. सगळं गाव जुन्या डाळीवर. पुजारा बाबा त्या सणाचा दिवस सांगायला उभा राहिला, हसला, तर दातात हिरवं पान! मी सगळ्यांदेखत विचारलं, बाबा, हे काय?

बाबा शांतपणे म्हणाला, "कडू निघाली तर देव मला विचारेल, तुला नाही."

*

सणाचं आवतण आम्ही दोरीने धाडायचो. जितके दिवस उरले, तितक्या गाठी. रोज सकाळी एक सोडायची. शेवटची सुटली की निघायचं.

माझा दोस्त रायसिंग आणि त्याची बहीण जुगनी यांचं एका बैलावरून बिनसलं होतं. दोन वर्षं ती माहेरी फिरकली नव्हती. त्या साली रायसिंगने स्वतः दोरी वळली, नऊ गाठी मारल्या आणि पोचवायला माझ्याकडे दिली.

"आली तर मिटलं. नाही आली तर मला बहीण नव्हती."

वाटेत मला खोडी सुचली. मी एक गाठ वाढवली. एक दिवस हा रडकुंडीला येईल, दुसऱ्या दिवशी ती येईल, मग तिघं मिळून हसू.

दिवाळीला रायसिंग बहिणीच्या स्वागताला गळ्यात ढोल अडकवून पायवाटेवर उभा राहिला. एकदाही वाजवला नाही. मी सांगणार होतो. आधी लोक होते, मग जेवण होतं, मग राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी जुगनी आली. रायसिंग दाराकडे पाठ करून बसला. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "मोजण्यात माझीच चूक झाली, दादा."

त्याने वळून पाहिलं नाही.

ती आल्या पावली निघाली. जाताना माझ्या हातात दोरी ठेवली. नऊ गाठी सुटलेल्या. दहावी तशीच, उलट्या पिळाची.

"ही तुझी, डावऱ्या," ती म्हणाली. "आज सकाळी सोडायला घेतली, तेव्हा पीळ दिसला. हिला मी हात लावला नाही."